पाटीवर आहे ते वाच

पाटीबाई शुक्रवारी बोलत नसत. इतर दिवशीही शाळेची पहिली घंटा होईपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे, पण शुक्रवार पूर्ण गप्प. कमरेला सुतळीने बांधलेली लहान दगडी पाटी, पाटीच्या चौकटीला ओलं फडकं आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. काही सांगायचं झालं की त्या लिहून दाखवत. नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या गाणं शिकवत. गाण्याच्या बाई आणि बोलत नाहीत, त्यामुळे गावाकडून आलेले पालक हमखास चक्रावत. माझ्या आईने पहिल्याच भेटीत मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुकी बाई गानं शिकवती व्हय गं? मग चित्रकलेचा मास्तर आंधळा हाय का काय?"

हे कसलंतरी व्रत असणार, याबद्दल वसतिगृहात एकमत होतं. आम्हा हिंदू मुलींना वाटे, शुक्रवार म्हणजे देवीचं मौन. ख्रिस्ती मुलींना वाटे, येशूच्या शुक्रवाराशी काहीतरी संबंध आहे. एकदा एका धीट मुलीने विचारलंच. बाईंनी पाटीवर लिहिलं, "शुक्रवारी माझे तास कमी असतात."

खरं कारण आवाज जपणं हे होतं. बाई पूर्वी मुंबईत ऑपेरा गात असत. ऑपेरा म्हणजे काय, हे त्या दर वर्षी नव्या मुलींना सांगत. "आपल्या संगीत नाटकासारखंच. फक्त मध्ये बोलणं नाही. मीठ मागायचं तरी गाऊन मागायचं. समोर माइक नाही. हजार माणसं बसलेली, तीस-चाळीस वाद्यं वाजतायत, त्या सगळ्यांवरून शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज गेला पाहिजे." त्यात बायकांचा सगळ्यांत वरचा जो आवाज, त्याला सोप्रानो म्हणतात. तो बाईंचा होता.

संगमनेरजवळच्या एका खेड्यात त्यांचे वडील शाळामास्तर होते. देवळात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, ही मुलगी गाते ते कुणा मिशनरी मडमेने ऐकलं आणि विसाव्या वर्षी तिला मुंबईला पाठवलं. तिथे युद्धाच्या काळात युरोपातून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई गाणं शिकवत. त्यांच्याकडे पाटीबाईंनी इटालियन गाणी देवनागरीत लिहून घेऊन पाठ केली. पाठ म्हणजे शब्दन्‌शब्द, अर्थासकट. आधी आठ वर्षं त्या मागच्या घोळक्यात उभ्या राहून गायल्या. मग त्यांना एका राणीच्या कामासाठी राखीव म्हणून नेमलं. मुख्य बाईंना बरं नसलं तर उभं राहायचं. "सहा वर्षं मी तयार होते," त्या सांगत, "पण त्या बाईंना साधी शिंक आली नाही. देवाने काय प्रकृती दिली होती." यात कडवटपणा नसे. त्यांना खरोखरच त्या प्रकृतीचं कौतुक होतं. पुढे आई आजारी पडली म्हणून त्या नगरला आल्या, शाळेत लागल्या आणि राहिल्या. राणीचं काम मात्र रोज संध्याकाळी पायपेटीवर एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत. ती राणी शेवटी विष पिते. आम्ही विचारलं, विष प्यायल्यावर गाते कशी? बाई म्हणाल्या, "गाणं संपवूनच मरते. शिस्तीची बाई आहे."

मी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातली. आमच्याकडे पाऊस झाला तर बाजरी, आणि दिवाळीनंतर कारखान्यावर ऊसतोड. आईवडील कोयते घेऊन निघाले की मला कुठे ठेवायचं हा प्रश्न असे. गावच्या मास्तरांनी वडिलांच्या मागे लागून सातवीत मला नगरच्या वसतिगृहात घातलं. गाण्यात मला गती नव्हती. ताकद होती. लहानपणापासून शेतातल्या माळ्यावर उभी राहून मी पाखरं हाकली होती, ती चार शेतांपलीकडची उठत. पहिल्या तासाला बाईंनी एकेकीचा आवाज ऐकला. तो शुक्रवार होता. माझं ऐकून त्यांनी लिहिलं, "गाणे नाही. पण पोहोचते." आणि त्या दिवसापासून शुक्रवारी पाटी मोठ्याने वाचून दाखवायचं काम मला दिलं, कारण मागच्या मुलींना अक्षर दिसत नसे.

या कामाचा एकच नियम होता. पाटीवर आहे ते वाच. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. एकदा मी "लवकर बसा" असं लिहिलेलं "बाई म्हणतात, जरा लवकर बसा" असं वाचलं, तर त्यांनी तास थांबवून लिहिलं, "वाचणाऱ्याचे मत पाटीवर नसते." तेही मला वाचावं लागलं. पुढच्या शुक्रवारी चाळीस मुलींसमोर पाटीवर आलं, "कौसल्या, नाक पूस." मी थांबले. बाईंनी पेन्सिलीने चौकटीवर टकटक केली. मी वाचलं, खणखणीत वाचलं, वर्ग हसून लोळला आणि मी परकराला नाक पुसलं. बाईंनी लिहिलं, "बरोबर." त्या कधीच कुणाला छान म्हणत नसत. बरोबर म्हणत. ते पुरत असे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे ज्वारीची पिशवी. गाण्याच्या तासाला निम्मा वेळ गाणं नसेच. चटईवर उताणं पडायचं, पोटावर किलो-दीड किलो ज्वारीची पिशवी ठेवायची आणि श्वास घेऊन ती वर उचलायची, मग सावकाश खाली. "श्वास गळ्यात घेऊ नका, बरगड्यांत घ्या. गळा ही नुसती खिडकी आहे. खिडकीने घर उचलत नाही." एकदा आई भेटायला आली ती नेमकी या तासाला. पोटावर पिशव्या ठेवून रांगेने पडलेल्या पोरी पाहून ती दारातच थबकली. "समद्यांचीच पोटं दुखत्यात? काय खाल्लं गं?" बाई उठल्या, आईलाही चटईवर निजवलं आणि पोटावर पिशवी ठेवली. आईने पहिल्याच श्वासाला पिशवी अशी उचलली की बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बघा. उसाची मोळी उचलणारी बाई आहे. हिला शिकवायला नको."

आणि तिसरी गोष्ट त्या रोज सांगत. "आवाज फेकू नको, ठेव. त्या समोरच्या भिंतीवर नेऊन ठेव." ओरडणाऱ्याचा आवाज वाटेत सांडतो, ठेवणाऱ्याचा पोहोचतो, असं त्यांचं म्हणणं. हे तेव्हा मला कळलं नाही. करता मात्र आलं.

बहात्तरच्या दुष्काळात नगरची हवा बाईंना सोसेना. अंगणात शिंपडायला पाणी नव्हतं, प्यायचंच टँकरने येई. रस्त्यांवरून, दुष्काळी कामांवरून धूळ उडे ती दिवसभर खाली बसत नसे. बाई तोंडाला ओलं फडकं बांधून फिरत आणि गालात ज्येष्ठमधाची काडी धरत. ज्वारी मिळेनाशी झाली तेव्हा पिशव्यांत मिलो आला, सरकारने परदेशातून आणलेली लाल ज्वारी. वर्ग चालू राहिला.

त्याच हिवाळ्यात मुंबईहून पत्र आलं. ती मंडळी राणीचा ऑपेरा पुन्हा बसवत होती. शिंक न येणाऱ्या बाई परदेशी निघून गेल्या होत्या. आता राणीच्या कामासाठी पाटीबाईंनी यावं, संक्रांतीनंतर एकदा गाऊन दाखवावं, जमलं तर काम त्यांचं. बाई तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. पत्र त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "चला, पिशव्या घ्या." पण त्या संध्याकाळी राणीचं काम त्यांनी दोनदा म्हटलं.

आठ दिवसांत वरच्या स्वराला आवाज घासायला लागला. पुण्याच्या घशाच्या डॉक्टरांनी आत सूज आहे असं सांगितलं. धुळीने आलेली, आणि विश्रांती न दिल्याने वाढलेली. औषध एकच. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, ते तर बोलण्यापेक्षा वाईट. एकवीस दिवस पाळले तर मुंबईला जाऊन गाता येईल. बाईंनी परत आल्यावर पाटीवर लिहिलं आणि मी वाचलं, "आता एकवीस दिवस शुक्रवार." मुली हसल्या. पण वसतिगृहात सगळ्यांनी ते मनावर घेतलं. स्वयंपाकीण फोडणी द्यायच्या आधी बाईंच्या खोलीची खिडकी लावून यायची. आम्ही भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढत होतो.

सोळा रेघा झाल्या त्या दिवशी दुपारी माझे वडील फाटकात उभे दिसले. खांद्यावर दोन दावी आणि एक घुंगरमाळ. चारा नव्हता म्हणून घोडेगावच्या बाजारात बैलजोडी विकून ते चालत कर्जतकडे निघाले होते. वाटेत नगर लागतं. मी धावत गेले. ते म्हणाले, "तुझी आय आठव्यात हाय. तळ्याच्या कामावर माती वाहती. घमेलं उचलवत न्हाई, आन घरी बसवतबी न्हाई."

मला समजलं. गावाजवळ पाझर तलावाचं काम चाललं होतं. तिथे जेवढे हात, तेवढं धान्य घरात. मागे दोन लहान भावंडं. मी गेले तर आईला बसता येईल.

एवढ्यात बाई आल्या. वडिलांनी त्यांनाही सगळं सांगितलं, मान खाली घालून. "म्या न्यायला न्हाई आलो, बाई. इचारायला आलोय. तुमी म्हनाल तसं."

बाईंनी पाटी पुसली आणि लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या, पाटी भरली. मग ती माझ्यापुढे धरली. वडिलांना वाचता येत नव्हतं. पाटीवर होतं, "नेऊ नका. परीक्षा दोन महिन्यांवर आहे. आता गेली की ती परत येणार नाही. आईचे काहीतरी करू."

मी ते एकदा मनात वाचलं. काहीतरी म्हणजे काय, ते बाईंना तरी माहीत होतं का? पाच दिवसांनी त्या मुंबईला जाणार. आई रोज घमेलं उचलणार. मी चौदा वर्षांची, धडधाकट, आणि इथे बसून पोटावर पिशव्या उचलतेय. मला तो हिशेब अगदी सरळ वाटला. मी नेहमीच्याच खणखणीत आवाजात वाचलं, "बाई म्हणतात, घेऊन जा. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येईल."

वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना हे उत्तर नको होतं, हे मला तेव्हाच दिसलं. "बरं," ते म्हणाले. "पिशवी भर तुझी."

बाईंनी चौकटीवर पेन्सिलीने टकटक केली. पुन्हा वाच. मी त्यांच्याकडे न बघता पुन्हा तेच वाचलं. मग बाईंनी पाटी खाली सोडली, तोंडावरचं फडकं काढलं आणि बोलल्या.

"खोटं वाचतेय ती. मी असं लिहिलेलं नाही."

सोळा दिवस बंद असलेल्या दाराची कडी काढावी तसा आवाज होता. वडील दोन पावलं मागे सरले. "बाई, तुमाला बोलता येतंय?"

"येतंय. बसा. पाणी घ्या. हिच्या आईला इथे घेऊन या."

एवढं बोलून त्या थांबल्या असत्या तरी भागलं असतं. पण वडील एका वाक्यात पटणारे नव्हते. कुठं राहील? कोठीच्या ओसरीवर. काय करील? मिलोत खडे आणि काय काय निघतं, ते निवडायला माणूस नाही, ती बसून निवडील. पोरं? तीही येतील. बाळंतपण? भिंतीपलीकडे दवाखाना आहे.

"परक्याच्या दारात बाळतपन, बाई? लोकं काय म्हनत्याल?"

"लोक घमेलं उचलायला येतात का?"

वडिलांनी दावी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग खरी शंका बाहेर आली. "रागावू नका. पन बाटवनार न्हाई ना आमाला?"

"मिलो निवडून कुणी ख्रिस्ती होत नसतं. होत असतं तर या वर्षी निम्मा जिल्हा झाला असता."

वडील हसले. कित्येक महिन्यांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. पण काम तिथे संपलं नाही. वसतिगृहाच्या मोठ्या बाईंची परवानगी हवी होती, आणि त्यांच्याकडे पाटी चालत नसे. "पुसली की पुरावा राहत नाही," असं त्यांचं मत. बाई आत गेल्या आणि दार लागलं. मी आणि वडील ओसरीवर बसून ऐकत होतो. वसतिगृहात आधीच जागा नाही, मोठ्या बाई म्हणत होत्या. एकीला घेतलं तर उद्या दहा जणी येतील. बाई उत्तर देत होत्या. त्यांचा आवाज आधी गंजलेला होता, मग मोकळा झाला, आणि तासाभराने पोतं फरफटत न्यावं तसा येऊ लागला. बाहेर आल्या त्या तशाच दवाखान्यात गेल्या, तिथल्या मुख्य नर्सशी बोलायला. दिवस मावळताना परतल्या. वडिलांना एवढंच म्हणाल्या, "सोमवारी घेऊन या," आणि खोलीत गेल्या.

मला वाटलं, मार बसेल. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून पाटी दाखवली. "उद्यापासून दुसरी मुलगी वाचेल." मी "हो" म्हणाले. त्या रात्री मी जेवले नाही. मार बसला असता तर जेवले असते.

आई सोमवारी आली. बाई मंगळवारी मुंबईला गेल्या. आम्ही सगळ्या त्यांना पोहोचवायला माळीवाडा स्टँडवर गेलो होतो. मधल्या दिवसांत त्यांनी पुन्हा मौन पाळलं होतं, त्यामुळे खिडकीतून नुसता हात हलवला. भिंतीवर एकवीस रेघा होत्या, पण सतरावी ओढताना कोळसा माझ्याच हातात होता, आणि ती रेघ खोटी आहे हे मला माहीत होतं.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, बाई वर्गावर आल्या. पाटी कमरेला नव्हती. त्या उभ्या राहिल्या आणि तोंडाने बोलल्या. शुक्रवारी त्यांना बोलताना आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"गाऊन दाखवलं. वरचा स्वर आला नाही. त्याच्या खालचे सगळे आले. पण त्या कामात तो एक स्वर नसला तर बाकीच्यांचा उपयोग नाही. काम दुसरीला दिलं आणि ते बरोबर आहे. मला राखीव राहता का म्हणून विचारलं. नाही म्हटलं. तुमची परीक्षा आहे." मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "तोंडं कसली पाडता? पिशव्या घ्या."

पाटी त्यांनी गाण्याच्या खोलीत खिळ्याला अडकवून टाकली. आवाज जपायचं कारण संपलं होतं. त्यामुळे माझं वाचण्याचं काम परत मिळणंही संपलं, कारण वाचायला काही उरलंच नाही.

पुढच्याच महिन्यात आई बाळंत झाली. मुलगा. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होते आणि बाई शेजारी बाकावर. आतून भाऊ असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. बाईंनी डोळे मिटून कान दिला. मला वाटलं, काहीतरी देवाधर्माचं बोलतील. त्या म्हणाल्या, "माझ्या स्वरापेक्षा बराच खाली आहे. पण श्वास बरगड्यांतला आहे." मग आत जाऊन त्यांनी आईला सांगितलं, "बरोबर झालंय सगळं." आई मृग लागेपर्यंत कोठीच्या ओसरीवर राहिली. मिलो निवडता निवडता तिने बाईंना ओव्या ऐकवल्या, आणि बाईंनी त्या पायपेटीवर वाजवून पाहिल्या. आईला ते मुळीच आवडलं नाही. "वव्या पेटीवर न्हाई, जात्यावर वाजत्यात," ती म्हणाली. बाईंनी ते मान्य केलं.

मी परीक्षा दिली, पुढे मॅट्रिक झाले आणि त्याच दवाखान्यात नर्सिंगला लागले. आता सव्वीस वर्षं बाळंतपणं करते. कळा देणारी बाई गळ्यातून ओरडायला लागली की दमून जाते आणि काम लांबतं. मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवून सांगते, "इथं श्वास घे. आवाज फेकू नको, ठेव." त्या बायकांना सोप्रानो हा शब्द माहीत नाही. गरजही नाही. उपयोग होतो.

बाई निवृत्त झाल्यावर नगरलाच एका खोलीत राहिल्या आणि अखंड बोलू लागल्या. दूधवाल्याशी, टपालवाल्याशी, गॅलरीतून रस्त्यावरच्या माणसांशी. मी म्हणत असे, बाई, दम घ्या. त्या म्हणत, "इतक्या वर्षांचे शुक्रवार साठलेत. बोलून घेते." माझ्या मनात मात्र एक गोष्ट अडकून होती. आमच्याकडे घशाचे नवे डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना नाव न सांगता सगळं विचारलं. सोळा दिवसांचं मौन, मग एका दुपारचं बोलणं, मग पाच दिवस पुन्हा गप्प. त्या दुपारने गेला का आवाज? आणि जे उत्तर मिळालं ते घेऊन मी बाईंकडे गेले. कबूल केलं की असं असं विचारलं.

बाई चहा ओतत होत्या. किटली खाली ठेवली. "काय म्हणाले?"

मला सोपं होतं. नर्सचा धंदाच माणसाला बरं वाटेल ते सांगण्याचा. "नाही, त्याने काही होत नाही," एवढं म्हटलं असतं तर दोघी सुटलो असतो. पण मी म्हणाले, "ते म्हणाले, सांगता येत नाही. त्याने गेला असेल. त्याशिवायही गेला असता. वय होतं, धूळ होती."

"त्यांनी असंच सांगितलं?"

"शब्दन्‌शब्द."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर," त्या म्हणाल्या, आणि किटली उचलली. "भाऊ काय करतो तुझा? आवाज आहे का अजून?" आवाज आहे, मी सांगितलं, घोडेगावच्या बाजारात जनावरांचे सौदे ठरवतो, माइक लागत नाही. त्या इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

दोन वर्षांनी बाई गेल्या. दफनाला शाळेच्या जुन्या मुली पुष्कळ आल्या होत्या, आता बहुतेक आज्या झालेल्या. वारा होता आणि माइक नव्हता. प्रार्थना झाल्यावर त्यांच्या पुतण्याने एक घडी घातलेला कागद काढला. वर निळ्या शाईत लिहिलं होतं, "कौसल्या वाचेल." मी पुढे झाले. इतक्या वर्षांनी हातात पुन्हा बाईंचं अक्षर होतं. आवाज कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवला आणि वाचलं.

"भाषणे नकोत. मुलींनी दोन गाणी म्हणावीत. चुकली तरी चालतील, श्वास चुकता कामा नये. पायपेटी शाळेला द्यावी. पाटी कौसल्याला द्यावी."

खाली आणखी एक ओळ होती. ती मी मनात वाचली आणि थांबले. लोक बघत होते. कुणालाही कळलं नसतं.

"कौसल्या, नाक पूस."

वाचलं. शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल असं वाचलं. मग नाक पुसलं.